भावाचं वावर

जेजू बेट, कोरिया
१४ मार्च १९८३

चि. तेग्यूस ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहोत. तुम्हीही बरे असाल असं धरून चालते, कारण नवं वर्ष लागल्यापासून तुझ्याकडून एक ओळ नाही. चपलांच्या कारखान्यात डिंकात हात चिकटून बसलेत की काय? योंग्जाला सांग, नवऱ्याच्या हातात पेन दे आणि दाराला बाहेरून कडी लाव.

वावरात जव घोट्याच्या वर आलाय. यंदा वारा फार. वरच्या बांधाचे दगड ढासळले होते, ते मीच रचले आणि नंतर पाठ माझ्याशी बोलेना. शंख-शेवाळासाठी बुडी मारायला समुद्रात मात्र अजून उतरते. साठी उलटली तरी पाण्यात गेलं की काही दुखत नाही, बाहेर आलं की सगळं दुखतं.

आता मुद्द्याचं सांगते, मन घट्ट करून वाच. आपल्या चुलत्याच्या मुन्होने वावर स्वतःच्या नावावर करायचा अर्ज टाकलाय. जुने तोंडी व्यवहार कागदावर आणायला सरकारने तात्पुरता कायदा काढलाय. गावातल्या तीन जाणत्या माणसांनी शिक्का मारून सांगायचं की हो, अमक्याने तमक्याला जमीन विकली होती, की काम झालं. मुन्हो म्हणतो, जपानी लोक गेले त्या वर्षी आपल्या बाबांनी ते वावर त्याच्या बाबांना विकलं. तीन शिक्केही मिळवलेत. त्यातला एक बू काकांचा, जे दर पावसाळ्यात माझ्या घरी येऊन शंखांची लापशी ओरपतात! मी जाऊन विचारलं की काका, विकताना तुम्ही पाहिलं होतं का. तर म्हणाले, पाहिलं नाही, पण मुन्हो आपलाच पोरगा, तो कशाला खोटं बोलेल. मी म्हटलं, मी काय परकी आहे का? तर म्हणाले, तू पण आलीस तर तुलाही शिक्का मारून देईन. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

खालून पक्का रस्ता जाणार म्हणतात. कुणी हॉटेलवाला येऊन बघून गेला. इतकी वर्षं त्या दगडांच्या वावराकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

कागदोपत्री ते अजून बाबांच्याच नावावर आहे. त्या वाईट वर्षी, सैनिक गावं जाळत होते तेव्हा, तू बोटीत बसलास, मी मोसमभराचं वाळवलेलं शेवाळ बोटवाल्याला दिलं आणि तू मला वावर दिलंस. हे तुला, मला आणि बोटवाल्याला ठाऊक. बोटवाला कधीच बुडाला. सख्ख्या भावाकडे मी कागद मागितला असता, तर आईने थडग्यातून उठून मुस्काटात मारली असती. म्हणून तर आज ही वेळ.

गावातल्या ह्यन वकिलाकडून मी कोर्टात दावा लावलाय. तू तिथल्या आपल्या देशाच्या वकिलातीत जा आणि लिहून दे की वावर मी बहिणीला विकलं. उशीर करू नकोस. वाळवलेला लाल मासा वेगळा पाठवलाय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
मेह्वा

---

ओसाका
९ एप्रिल १९८३

ती. ताईस तेग्यूचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, मासाही मिळाला. योंग्जाने तो भाजला तेव्हा शेजारची जपानी बाई नाक दाबून आली आणि दोन तुकडे खाऊन गेली. धाकट्याचं लग्न ठरतंय. मुलगी इथलीच, पण तिचे आजोबा आपल्या बेटावरचे, पूर्वेकडच्या गावातले. आपल्या बोलीतले दोनच शब्द तिला येतात, तेही शिव्या. मला ती फार आवडली.

मुन्होचं वाचून वाईट वाटलं. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून घोडे बघायला यायचा तो. त्याच्या बाबांनी वावर घेतलं असतं तर मला कळलं नसतं का? बाबांबरोबर शेवटचा नांगर तर मीच धरला होता.

ताई, तू सगळं लिहितेस, पण मला हवं ते लिहीत नाहीस. वरच्या बांधात घोड्याने पाडलेली ती खिंड अजून आहे का? तू दगड रचलेस म्हणतेस, म्हणजे ती बुजवलीस की काय? आईबाबांच्या थडग्यांच्या कुंपणाला लागून जो ओला तुकडा होता, जिथे काहीच धड यायचं नाही, तिथे आता काय लावतेस? मी असतो तर तिथे मुळे लावून पाहिले असते. लाव्हरी अजून जवात अंडी घालते का?

वकिलातीचं म्हणशील तर या महिन्यात मागणी फार आहे, उन्हाळी चपलांची घाई. शिवाय त्या इमारतीत आम्हा पळून आलेल्यांची नावं कुणी काय म्हणून लिहून ठेवलीत कोण जाणे, इथले सगळे तिच्यापासून चार हात लांबच असतात. तुझ्या वकिलाला विचार ना, त्यावाचून भागणार नाही का? तू इतकी वर्षं ते कसतेस, हे सगळ्या गावाला दिसतं. तेवढं पुरायला हवं.

गुडघे सांभाळ. थंड पाण्यात फार वेळ राहू नकोस. दूर असलो तरी तुझाच आहे, हे मनात असू दे.

तुझा,
तेग्यू

---

जेजू
२७ मे १९८३

चि. तेग्यूस आशीर्वाद.

खिंड आहे. मुळे नाहीत. लाव्हरी घालते अंडी. झालं समाधान?

तू म्हणालास तेच ह्यन वकील म्हणाला होता. कायद्यात अशी सोय आहे म्हणे, की कुणी खूप वर्षं जमीन आपली म्हणून कसली तर ती त्याची होते. मला वाटलं, मग काळजी कसली. नवा ब्लाउज घालून कोर्टात गेले.

मुन्होच्या वकिलाने साक्षीला कुणाला आणलं असेल? दुकानवालीला, भाताच्या गिरणीवाल्याला आणि माझ्याबरोबर बुडी मारणाऱ्या तिघींना. खोटं बोलायला नाही, खरं बोलायला! त्याने एकेकाला एकच गोष्ट विचारली, की मेह्वाबाई त्या वावराविषयी काय म्हणते. आणि एकेकाने एकच सांगितलं, की ती म्हणते हे माझ्या भावाचं वावर आहे, तो ओसाकाहून आला की कसेल. दुकानवालीने तर पुढे जोडलं की गेल्या वर्षीच खत घेताना मी भावाचं खत असं म्हणून नेलं. ती म्हातारी एरवी काही लक्षात ठेवत नाही, माझी उधारी आणि हे एवढं मात्र ठेवलं.

न्यायाधीशाने मला विचारलं की हे खरं का. मी म्हटलं, खरं नाही तर काय, अख्खं गाव सांगेल, भावाचंच वावर आहे ते. ह्यन वकिलाने कपाळावर हात मारून घेतला, सगळ्यांना ऐकू गेला. बाहेर आल्यावर तो चिडून म्हणाला, मावशी, तुम्ही जमीन आपली म्हणून कसलीच नाही, दुसऱ्याची म्हणून राखलीत, आता ते कलम बुडालं. मी म्हटलं, मग काय भावाचं वावर माझं म्हणत गावभर फिरायचं होतं? तर म्हणाला, हो, तेच करायला हवं होतं.

आता एकच वाट उरली. तू सांगायचं की विकलं. चपला राहू देत. जपान्यांचे पाय काही दिवस अनवाणी चालतील.

मुन्होचंही थोडं ऐक, म्हणजे तुला सगळं कळेल. तो सगळ्यांसमोर म्हणाला की आईबाबांचं श्राद्ध दरवर्षी माझ्या घरी होतं, जेवण मी वाढतो, दारू मी ओततो, कारण यांचा मुलगा पळून गेला आणि मुलगी श्राद्ध करू शकत नाही. मग श्राद्धाचा खर्च भागवणारं वावर माझं नको का, असं त्याचं म्हणणं.  यावर तुझ्याकडे उत्तर असेल तर पाठव.

राग धरू नकोस. मी धरलाय, तेवढा पुरे.

ताई

---

ओसाका
२ जुलै १९८३

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला वेळ लागला. लिहायचो आणि फाडायचो.

वकिलातीपर्यंत जाऊन आलो. दारातल्या पहारेकऱ्याने काय काम म्हणून विचारलं आणि मी त्याला स्टेशनचा रस्ता विचारून परत फिरलो. योंग्जाला सांगितलं की आज बंद होतं. तिला खोटं लगेच कळतं. ती म्हणाली, तुम्ही भिंतीवर देवाचं चित्र लावावं तसं ते वावर लावून ठेवलंय, ना कधी तिकीट काढलंत, ना कधी सामान बांधलंत, आणि आता बहिणीने ते उतरवायला सांगितलं तर दार बंद होतं म्हणून सांगता. मी जेवणावरून उठलो. ती माझ्या वाटचंही जेवली.

पण ती म्हणाली ते खरं आहे. ताई, मी इथे रोज त्या वावरात असतो. मशीनवर बसून चपलांचे तळ कापताना मार्चमध्ये मी जव निंदतो, जूनमध्ये कापतो. पाऊस पडला की ओला तुकडा आठवतो. इथली घरं भाड्याची, नावं उधारीची, पोरं बोलतात ती भाषा अर्धी माझी. माझं म्हणावं असं जगात एकच आहे आणि ते तिथे आहे. ते विकलं असं मी माझ्या हाताने लिहायचं?

मला एक सुचतंय. मी वारस म्हणून दावा लावतो. विकलं नाही, तुला राखायला दिलं होतं, असं सांगतो. वावर माझंच राहील, तू कसत राहा. वकिलाला विचारशील का?

आणि खरं सांग, मी तेव्हा विकतो म्हणालो होतो का? मला बोट आठवते, तुझे ओले केस आठवतात, शेवाळाचा वास आठवतो. शब्द आठवत नाहीत.

 मुन्हो मला पळून गेला म्हणाला, ते बरोबरच आहे.

मन मोठं ठेव माझ्यासाठी.

तेग्यू

---

जेजू
१० सप्टेंबर १९८३

चि. तेग्यूस अनेक आशीर्वाद.

वकिलाला विचारलं. तो म्हणतो, वारस म्हणून दावा लावायचा तर तू स्वतः इथे हवास, राहायला हवास, आणि तरी श्राद्धाच्या मुद्द्यावर मुन्हो जड जाईल. राखायला दिलं होतं म्हटलं की मी आणखी बुडाले. म्हणजे तुझी युक्ती माझ्या आणि तुझ्या दोघांच्या पायावर धोंडा.

परवा थडग्यांवरचं गवत कापायचा दिवस होता. पहाटेची भाकरी बांधून मी गेले तर मुन्हो आधीच हजर, कोयता घेऊन. मी परत फिरणार होते, पण आईच्या थडग्यासमोरून कसली परत फिरणार. तो बाबांच्या बाजूने कापत आला, मी आईच्या बाजूने. मध्ये भेटलो तेव्हा दोघांनाही धाप लागली होती. त्याने बाटलीतलं पाणी पुढे केलं, मी घेतलं. मग तो गवताकडे बघत म्हणाला की ताई, माझ्याही पोरांना काही द्यायला हवं ना. वाईट नाहीये रे तो. म्हणूनच जास्त राग येतो.

तू विचारलंस शब्द काय होते. मला सगळे आठवतात, कारण मी ते रोज घोळवते. बोटवाला म्हणाला की रोकड नको, माल द्या. मी शेवाळाची पोती दिली. तू म्हणालास, ताई, फुकट नको, वावर घे. मी म्हटलं, वेडा आहेस का, तू परत आल्यावर काय खाशील. तू पाय पाण्यात रोवून उभा राहिलास आणि म्हणालास की घेतलं म्हण, नाहीतर चढत नाही. टेकडीवर गोळ्यांचे आवाज येत होते, बोटवाला शिव्या देत होता. मी म्हटलं, बरं, घेतलं. तेव्हा चढलास.

तू विकलंस आणि मी घेतलं. दोघंही तोंडाने बोललो. कायद्यात तेवढं पुरे होतं म्हणे, मोल दिलं गेलं, माल पोचला. पण मी घेतलं म्हटलं ते बोट सुटावी म्हणून. नंतर गावात कुणी विचारलं की माझ्या तोंडून भावाचं वावर असंच निघायचं. एकदाही माझं म्हणाले नाही. माझं म्हटलं असतं, तर त्याचा अर्थ तू येणार नाहीस असा झाला असता. तुझे दाजी हसायचे मला. म्हणायचे, दुसऱ्याच्या शेतात मरते आणि स्वतःच्या चुलीला फुंकर घालायला वेळ नाही. वावर मी घेतलंय, हे त्यांनाही सांगितलं नाही.

तेव्हा तुलाच जड जातंय असं समजू नकोस. पण मी जर हरले, तर तिथे हॉटेलवाला भिंत घालेल आणि आईबाबांकडे जायला आपल्याला त्याला विचारावं लागेल. तू दूर आहेस, तुला चालेल. मला इथे राहायचंय. मी मरेपर्यंत त्या भिंतीवरून बघत राहू का?

जा आणि लिहून दे. ताई सांगते म्हणून जा.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस, बाकी काही मागत नाही.

मेह्वा

---

ओसाका
१८ ऑक्टोबर १९८३

ती. ताईस सा. न. वि. वि.

दिलं लिहून.

योंग्जाला बरोबर नेलं, म्हणजे पहारेकऱ्याला स्टेशनचा रस्ता विचारायची सोय राहणार नाही. तिने मला धाकट्याच्या लग्नाचा कोट घालायला लावला. खिडकीमागचा माणूस तरुण होता, राजधानी सोलच्या तोऱ्यात बोलणारा. किंमत काय घेतली विचारलं. मी म्हटलं, एका मोसमाचं शेवाळ. त्याला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. मग योंग्जाच पुढे झाली आणि त्याला म्हणाली की बाळा, तुझ्या आईने तुझ्यासाठी इतकी खोल बुडी कधी मारली होती का, लिही गुपचूप. त्याने लिहिलं.

शेवटी त्याने विचारलं की त्या जमिनीवर तुमचा आता काही हक्क, काही वाटा, काही अट उरली आहे का.  मला म्हणायचं होतं, थडग्यांशेजारी माणूसभर जागा. तोंडावर आलं होतं. पण ह्यन वकिलाने कळवलं होतं की अट घातली तर विक्री कच्ची दिसेल. मी म्हटलं, काही उरलं नाही. सही केली, अंगठाही दिला.

बाहेर पडल्यावर फार भूक लागली. दोघं नूडल्सच्या दुकानात गेलो. योंग्जाने स्वतःच्या वाडग्यातलं मांस माझ्या वाडग्यात टाकलं. 

दुसऱ्या दिवशी मशीनवर बसलो आणि सवयीने वावराकडे निघालो, तर आत जाता येईना. बांधापर्यंत जातो आणि थांबतो. परक्याच्या शेतात विचारल्याशिवाय कसं शिरायचं? हसू नकोस. आता जवाची पेरणी जवळ आली असेल. बी चांगलं निवड, आणि ओल्या तुकड्यात तुला हवं ते लाव. मी काही सांगणार नाही.

लेकराला जवळ धरतेस तसंच धरून ठेव.

तेग्यू

---

जेजू
२० डिसेंबर १९८३

चि. तेग्यूस ताईचे अनेक अनेक आशीर्वाद.

निकाल लागला. वावर मला मिळालं.

बू काकांना कोर्टात उभं केलं आणि शपथ दिली, तेव्हा त्यांना घाम फुटला. म्हणाले, पाहिलं नाही, ऐकलंही नाही, शिक्का मागितला म्हणून दिला, आपल्याच माणसाला नाही कसं म्हणायचं. लोक हसले. मला त्यांची दया आली. संध्याकाळी लापशी घेऊन गेले, तर दार उघडेनात. पायरीवर ठेवून आले.

मुन्हो माझ्याशी बोलत नाही. बाबांच्या श्राद्धाला मी नव्या तांदळाचं पोतं त्याच्या घरी पोचवलं आणि निरोप ठेवला की यापुढे दरवर्षी येईल, वावर कुणाच्याही नावावर असो. त्याच्या बायकोने पोतं आत घेतलं. त्याने पाहिलं, पण परत पाठवलं नाही. तेवढं मला पुरे आहे.

हॉटेलवाला माझ्याकडेही येऊन गेला. मी त्याला चहा दिला आणि वाट दाखवली.

जव पेरलाय. ओल्या तुकड्यात मुळे लावले. तू विचारलंस तेव्हापासून मनात होतं. आणि माझ्या वावरात तू विचारून शिरायचं म्हणतोस ना? मग विचारलंस असं समज. मालकीण म्हणून सांगते, ये. उन्हाळ्यात ये, नाहीतर वसंतात ये, घरचे सगळे घेऊन ये. मला योंग्जाला भेटायचंच आहे. थडग्यांशेजारची जागा कुणाची असेल ते मी ठरवणार आता, कोर्टाने मला तेवढा अधिकार दिलाय.

आता ते सांगते जे कुणालाच सांगितलं नाही.

न्यायाधीशाने तुझं लिहून दिलेलं मोठ्याने वाचलं. शेवाळाचंही वाचलं. नंतर मला विचारलं की भावाने सगळं विकलं, तिथे त्याचं काहीही उरलेलं नाही, हे बरोबर का. ह्यन वकील डोळे वटारून बघत होता, की या वेळी तरी मावशी नीट बोलू देत. मी हो म्हटलं. एवढंच बोलायचं होतं, ते बोलले.

बाहेर येऊन बसथांब्यावर बसले आणि रडायला लागले. हुंदके आवरेनात. शेजारी संत्र्यांची टोपली घेऊन एक बाई होती, ती घाबरून उठून उभी राहिली. वकील हसत हसत सांगत होता की मावशी आनंदाने रडतायत, खटला जिंकल्या.  त्याची आई जिवंत आहे, भाऊ दोन घरं टाकून राहतो, त्याला काय कळणार.

तू गेलास त्या दिवशी मी रडले नव्हते. बोट दिसेनाशी झाली, तशी मी वळले आणि वावरात जाऊन रताळी काढायला बसले. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, काय दगडाच्या काळजाची बहीण आहे, पाठच्या भावासाठी एक टिपूस नाही. मी ऐकलं आणि खुरपं चालवत राहिले. मला तेव्हा रडायचं कारणच नव्हतं रे. तेव्हा तू परत येणार होतास.

तुझी,
ताई